ट्रक ओढेल हो, पण पेलेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही डॅलसजवळ राहतो. मी, बायको आणि ११ व ८ वर्षांची दोन मुलं. माझ्याकडे २०२१ चा हाफ-टन, म्हणजे सगळ्यात हलक्या वर्गातला मोठा पिकअप आहे, चार दारांचा. कंपनीच्या कागदावर ११,२०० पौंड ओढण्याची क्षमता. जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांना कोलोरॅडो आणि यलोस्टोन दाखवायचं म्हणून बंक बेडवाला ३३ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर बघून ठेवलाय, रिकामा ६,७०० पौंड. डीलर म्हणतो, हा 'हाफ-टन टोएबल' आहे, म्हणजे हाफ-टन ट्रकने ओढता येणारा, डोळे झाकून घ्या. हजार डॉलर भरलेत, शनिवारपर्यंत सांगायचंय. एप्रिलमध्ये २२ फुटी ट्रेलर भाड्याने घेऊन अमॅरिलोच्या बाजूला गेलो होतो. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर रॅक लावून चार सायकली नेल्या होत्या. ताशी ७० मैलांवर असताना शेजारून एक अठरा-चाकी गेला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. पाच-सहा सेकंदच, पण बायकोने धसका घेतलाय. ती म्हणते, लहान घ्या नाहीतर नको. मी म्हणतो, सवयीने जमेल. साडेचार हजार पौंडांची जागा शिल्लक आहे! तिची भीती कशी घालवू?

नमस्कार,

तिची भीती कशी घालवायची ते मी सांगणार नाही. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला तिचंच म्हणणं पटलं. तुम्हाला राग येण्याआधी सांगतो, तुमचा बेत मला मनापासून आवडलाय. आई-बाबांना हॉटेलातून हॉटेलात फिरवण्यापेक्षा आपलं बिऱ्हाड पाठीवर घेऊन जावं, सकाळचा चहा आपल्याच भांड्यात व्हावा, ही हौस मलाही होती. गेली चौदा वर्षं मी ट्रेलर ओढतोय आणि त्यातल्या पहिल्या दोन वर्षांत तुम्ही करताय त्या जवळजवळ सगळ्या चुका केल्यात. म्हणून अधिकाराने नाही, अनुभवाने बोलतो.

पत्र मिळाल्यावर मी तुम्हाला एकच गोष्ट मागितली होती: ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरचा फोटो. तुम्ही लगेच पाठवलात, आभार. त्यावर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून १,४१२ पौंडांच्या वर जाऊ नये. यालाच पेलोड म्हणतात. तुमच्या पत्रात ११,२०० हा आकडा तीनदा आला होता, १,४१२ एकदाही नाही. तुमचा सगळा प्रश्न या दुसऱ्या आकड्यात आहे.

डीलर खोटं बोलला असं मी म्हणत नाही. तुमचा ट्रक तो ट्रेलर ओढेल. आजकालची इंजिनं तगडी आहेत, सिग्नल सुटला की ट्रेलर मागे आहे हे जाणवणारही नाही. पण ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. ट्रेलरचा सगळा भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतो. त्याचं नाक, म्हणजे टंग, ट्रकच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, दाबून बसतं आणि तो भार ट्रकच्या पाठीवर येतो, मागच्या सीटवर बसलेल्या माणसांसारखाच. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये हा दाब भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. मी १३ धरून चालतो.

आता तुमचा ट्रेलर भरू. ६,७०० पौंड हे रिकाम्या खोक्याचं वजन झालं. त्यात गॅसच्या दोन टाक्या, बॅटरी, नळ्या, चाकाखाली घालायच्या फळ्या, खुर्च्या, अंथरूण-पांघरूण, सहा माणसांचे कपडे आणि सहा माणसांचं स्वयंपाकघर आलं. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंडांचा, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरलीत की तिथेच ३३४ पौंड. कितीही काटकसर करा, ७,८०० च्या खाली तुम्ही निघत नाही. त्याचे १३ टक्के म्हणजे १,०१४. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं, म्हणजे नाकाचा भार पुढेमागे वाटून देणाऱ्या जोडणीचं, लोखंड साधारण ९० पौंड, तेही ट्रकच्याच पाठीवर. झाले १,१०४. १,४१२ मधून वजा केले तर उरले ३०८ पौंड.

हे ३०८ ड्रायव्हरसकट सगळ्या माणसांसाठी आहेत. तुम्ही १८५, बायको १४०, असं तुम्हीच कळवलंय. दोघं बसलात की ३२५. मुलं अजून ड्राइव्हवेवरच उभी आहेत आणि आई-बाबांचं तर विमानही उतरलेलं नाही.

मग ११,२०० आले कुठून? ही क्षमता आता बहुतेक कंपन्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या जे२८०७ या प्रमाणाने ठरवतात. ते चांगलं प्रमाण आहे, त्याआधी जो तो आपापल्या सोयीने आकडा छापायचा. अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा लांबलचक चढ हा त्या चाचणीचा भाग आहे, आणि तोही भर उन्हाळ्याच्या तापमानात, एसी पूर्ण चालू ठेवून. पण गाडीत माणसं धरलेली असतात दोन, प्रत्येकी १५० पौंडांची, आणि नाकावरचा भार धरलेला असतो १० टक्के. म्हणजे त्या कागदावरच्या कुटुंबाला मुलं नाहीत, सासू-सासरे नाहीत, सायकली नाहीत. ट्रकमध्ये त्यापुढे चढलेला प्रत्येक पौंड ओढण्याच्या आकड्यातूनही कमी होतो. 'हाफ-टन टोएबल' हे शब्द तर विक्रीच्या फलकावरचे. तुमचा हाफ-टन कोणता, त्याच्या दारावर काय लिहिलंय, आत किती जण बसणार, हे त्या फलकाला माहीत नसतं. एकाच मॉडेलचे दोन ट्रक घेतले तरी सनरूफ, मोठी चाकं आणि चामड्याच्या सीट असलेल्याचा पेलोड साध्यापेक्षा कित्येक शे पौंडांनी कमी असतो. आणि तुमच्या फोटोत मागे दिसतंय ते बेडवरचं, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यावरचं, घडीचं झाकण तुम्ही नंतर बसवलंय ना? तेही या १,४१२ मधूनच गेलं.

इथे हुशार माणसं एक पळवाट काढतात. मीही काढली होती. नाकावरचा भार जास्त होतोय? मग जड सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला सरकवा, दाब १० टक्क्यांवर आणा, हिशेब जुळतो! तुमच्याबाबतीत खरंच जुळतो. ७८० अधिक ९०, उरले ५४२. तुम्ही चौघं ४८५ चे, वर ५७ पौंड शिल्लक. कागदावर सगळं छान. रस्त्यावर मात्र हा सगळ्यात वाईट उपाय आहे, कारण नाक हलकं झालेला ट्रेलर शेपूट हलवतो.

आमच्या आजोबांची बैलगाडी होती. मागे जास्त पोती पडली की जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला बघायचं. आजोबा म्हणायचे, "गाडी उलाळ झाली, दोन पोती पुढं घ्या." उलाळ हा शब्द मी विसरून गेलो होतो. तो आठवला वायोमिंगमध्ये, आय-८० वर. पाण्याची टाकी भरलेली, मागच्या कपाटात शेगडीची लाकडं, बाजूने वारा, आणि आरशात माझाच ट्रेलर कधी डावीकडून तर कधी उजवीकडून डोकावतोय. थांबल्यावर हात थरथरत होते ते सांगायला लाज वाटत नाही.

तुमच्या एप्रिलच्या प्रवासात नेमकं हेच झालं असावं. चार सायकली आणि रॅक मिळून दीडशे पौंड तरी होतात. ते बंपरवर, म्हणजे ट्रेलरच्या चाकांच्या मागे दहा फुटांवर टांगले. चाकांपासून पुढचा हिचचा गोळा साधारण चौदा फुटांवर. चाकं म्हणजे मधला टेकू, म्हणून मागे दीडशे लटकवले की पुढून शंभरेक पौंड उचलले जातात. भरलेला ४,५०० पौंडांचा ट्रेलर असेल आणि मुळात १२ टक्के दाब असेल, तर तो दहाच्या खाली गेला. त्यात ७० चा वेग. ट्रेलरचे हेलकावे एका वेगापर्यंत आपोआप विरतात, त्यापुढे विरायला वेळ लावतात, आणि त्याही पुढे वाढतच जातात. नाक जितकं हलकं, तितका हा उंबरठा खाली येतो. मोठा ट्रक शेजारून जाताना आधी हवेने ढकलतो आणि मग ओढतो. तो फक्त निमित्त होता. तुमच्या पाच-सहा सेकंदांत तुम्ही त्या उंबरठ्यावर उभे होतात.

सवयीने हे जात नाही. सवयीने फक्त त्याची भीती जाते, आणि ती मला जास्त काळजीची गोष्ट वाटते. तुमची पत्नी घाबरट आहे असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींमधून ते दिसतंय. एक विचारू? त्या वेळी तुमची नजर समोर होती आणि हात स्टीअरिंगवर. तिच्या बाजूच्या आरशात काय दिसत होतं, हे तुम्ही तिला कधी शांतपणे विचारलंत का? मला वाटतं, तिने तुमच्यापेक्षा जास्त पाहिलंय. शिवाय ती म्हणते ते "लहान घ्या नाहीतर नको" असं आहे. यातलं पहिलं अर्ध वाक्य तुम्ही ऐकलेलं दिसत नाही.

वेट डिस्ट्रिब्युशन हिचबद्दल तुम्ही वेगळं विचारलं होतं की तो चांगल्यातला घेतला तर प्रश्न सुटेल का. तो हवाच. नाकाचा भार ट्रकच्या मागच्या टोकावर पडला की पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही ढिले पडतात. या हिचचे बार ताणले की थोडा भार पुढच्या चाकांवर परत येतो आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. त्यामुळे काट्यावर ट्रकचं वजन माझ्या वरच्या हिशेबापेक्षा जरासं सौम्य येईल, हे मान्य. पण त्याने दारावरचा आकडा वाढत नाही, आणि तुमची तूट 'जराशी' नाही. ट्रकखाली वाकून रिसीव्हरवरचं, म्हणजे हिच ज्यात बसतो त्या चौकोनी नळीवरचं, स्टिकरही वाचा. अनेक हाफ-टन ट्रकांवर या हिचशिवाय मर्यादा ५,००० पौंड आणि नाकावर ५०० इतकीच असते. पुढची चाकं कितपत पूर्ववत आणायची ते प्रत्येक कंपनी वेगळं सांगते, म्हणून मॅन्युअल बघून पुढच्या मडगार्डची उंची टेपने मोजा: ट्रेलर जोडण्याआधी, जोडल्यावर, आणि बार ताणल्यावर.

लांबीचाही मुद्दा आहे. ट्रेलरवाल्यांचा एक जुना ठोकताळा असा: ट्रकचा व्हीलबेस ११० इंच असेल तर २० फुटी ट्रेलर, आणि पुढे दर चार इंचांना एक फूट. तुमच्या ट्रकचा साधारण १४५ इंच, म्हणजे उत्तर येतं पावणेएकोणतीस फूट. हे काही विज्ञान नाही, आणि तीस फुटी घेऊन सुखाने फिरणारे मला माहीत आहेत. पण ३३ फुटी ट्रेलरची बाजू म्हणजे अडीचशे चौरस फुटांचं शीड. डॅलसहून कोलोरॅडोला निघालात की हायवे २८७ वरून अमॅरिलो, डुमास, आणि पुढे ८७ ने डॅलहार्ट, क्लेटन आणि रटोन. त्या पट्ट्यात वारा आडवा लागतो, झाड म्हणून नाही, आणि समोरून अठरा-चाकी येत असतात. तिथे हे शीड कोण धरून ठेवणार? ट्रकचं वजन आणि त्याची लांबी. घोड्यांची ताकद त्यात काही मदत करत नाही.

मग काय करावं?

सगळ्यात आधी, या दोन-तीन दिवसांत ट्रक एकदा काट्यावर घाला. हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात, थोड्या डॉलरांत काम होतं आणि अठरा-चाकीवाले हसत नाहीत, मी विचारून बघितलंय. टाकी फुल भरा, चौघं बसा, झाकण आणि नेहमीचं सामान राहू द्या. ट्रकचं जे वजन येईल ते दारावरच्या कमाल वजनातून, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर लिहिलंय त्यातून, वजा करा. उरेल तेवढीच जागा ट्रेलरच्या नाकाला आणि हिचला आहे. त्यातून हिचचे ९० काढा, उरलेल्याला ०.१३ ने भागा. आलं तुमच्या ट्रेलरचं भरलेलं वजन. हे उलटं गणित ट्रेलर बघायला जाण्याच्या आधी करायचं, हा या सदराच्या इतर वाचकांनाही निरोप. तुमच्या आकड्यांनी घरी बसून केलं तर असं येतं: १,४१२ मधून चौघांचे ४८५, बेडमधलं सामान १००, हिच ९०, उरले ७३७. भागिले ०.१३, म्हणजे ५,६०० च्या थोडं वर. बघताना ट्रेलरच्या रिकाम्या वजनाकडे पाहूच नका, त्याच्या स्टिकरवरचं कमाल वजन पाहा. ते ५,६०० च्या आसपास असलेला, २३-२५ फुटी, दोन बंकांचा ट्रेलर मिळतो. मोठा नाही, पण त्यात चौघं मावतात आणि ट्रकही सुटसुटीत चालतो.

"पण आई-बाबा?" हो, आता तिकडे येतो, कारण खरी गाठ तिथेच आहे. तुमच्या ट्रकमध्ये पुढे मधोमध कन्सोल आहे, म्हणजे पट्टे पाच. माणसं सहा. कुणीतरी ट्रेलरमध्ये पलंगावर आडवं पडून येईल असं मनातही आणू नका. अनेक राज्यांत कायद्याने मनाई आहे, आणि मनाई नसेल तिथेही तो चाकांवरचा लाकडी खोका आहे, त्यात ना पट्टे ना एअरबॅग. तेव्हा ट्रेलर कोणताही घेतलात तरी आई-बाबांच्या प्रवासाला दुसरी गाडी लागणारच होती. तुमच्याकडे मिनीव्हॅन आहे. ती पत्नीने चालवावी, आजी-आजोबा आणि एक नातवंड तिच्यात. ट्रक हलका होतो, वाटेत किराणा आणायला सुटी गाडी मिळते, आणि मागून येणारं माणूस तुमच्या ट्रेलरवर लक्ष ठेवतं.

आणि झोपायचं काय, तर आई-बाबांना विचारलंत का? सत्तरीच्या गुडघ्यांना ट्रेलरची लोखंडी पायरी, रात्री दोनदा लागणारं ते एवढंसं स्वच्छतागृह, सकाळी सहा जणांची एका बेसिनपाशी रांग. काहींना मजा वाटते, काहींना बोलवत नाही. बऱ्याच खासगी कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरच्या जागांशेजारी लाकडी केबिन भाड्याने मिळतात. दोन खोल्या, सपाट दार, आणि चहाला तुमच्याकडे. सहा महिन्यांतल्या दोन-तीन आठवड्यांसाठी कायमचा ३३ फुटी ट्रेलर घ्यायचा, तो बाकीचे महिने भाड्याच्या जागेत उभा करायचा, हे मला शर्टच्या बटणासाठी कोट शिवण्यासारखं वाटतं. शिवाय नॅशनल पार्कांमधली जुनी कॅम्पग्राउंडं आखली तेव्हा एवढे लांब ट्रेलर नव्हते. लहान ट्रेलरला तिथे पुष्कळ जास्त जागा खुल्या असतात.

मोठाच हवा असेल तर ट्रक बदला, असं सांगणारे भेटतील, आणि ते चुकीचं सांगत नाहीत. थ्री-क्वार्टर टनाच्या, म्हणजे वरच्या वर्गातल्या, पेट्रोल ट्रकचा पेलोड सहसा अडीच-तीन हजारांच्या घरात असतो, तिथे तुमचं गणित आरामात बसतं. डिझेल घेताना मात्र पुन्हा दार उघडून स्टिकर वाचा. ते इंजिन स्वतःच जड असतं आणि दहा हजार पौंडांच्या मर्यादेत बांधलेल्या काही मॉडेल्सचा पेलोड ऐकून आश्चर्य वाटेल इतका कमी असतो. पण ट्रेलरपायी ट्रक, ट्रकपायी कर्ज, हा निर्णय शनिवारच्या मुदतीत घेऊ नका. एक वर्ष लहान ट्रेलरवर काढा, हौस टिकली तर बघू.

ट्रक तोच, ट्रेलर ३३ फुटी, तुम्ही आणि मुलगा दोघंच ट्रकमध्ये, हा पर्याय आकड्यांत जेमतेम बसतो. मुलगा ९५ चा, तुम्ही १८५, एकूण २८०, उरले २८ पौंड. मी तो घेणार नाही. २८ पौंड म्हणजे एक कूलरही नाही.

जो काही ट्रेलर घ्याल, त्याचे टायर एसटी, म्हणजे खास ट्रेलरसाठीच्या, जातीचे असतात आणि त्यातले बरेच ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले. टेक्ससमध्ये पाटी ७५ ची असली तरी तुमची पाटी ६० ते ६५ ची. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे. टायरवर डीओटी लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. पाच-सहा वर्षांवर गेला की नक्षी कितीही शाबूत दिसो, बदला. हवा थंड टायरमध्ये, सकाळी. नव्या ट्रेलरच्या चाकांचे नट पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क पान्याने पुन्हा आवळायचे असतात. हे डीलर सांगत नाही, मॅन्युअल सांगतं.

ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर तुमच्या ट्रकमध्ये आहेच. मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये ताशी वीस-पंचवीसवर त्याचा हाताने दाबायचा खटका एकट्याने दाबून बघा, ट्रेलरने मागून ओढ दिल्यासारखं वाटलं पाहिजे, चाकं लॉक होता कामा नयेत. या खटक्याची जागा बोटांना पाठ होऊ द्या. पुन्हा कधी शेपूट हललं तर ब्रेकवर पाय मारायचा नाही, वेग वाढवून 'सरळ करायला' जायचं नाही, स्टीअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. स्टीअरिंग सरळ धरायचं, पाय गॅसवरून उचलायचा, आणि फक्त तो खटका दाबायचा. मागचं मागे ओढलं गेलं की सगळं सरळ होतं. मग पहिल्या सुरक्षित जागी थांबून सामान पुढे सरकवायचं. वाचून हे येत नाही. हात आपोआप जाईपर्यंत करून बघावं लागतं, आणि पत्नीनेही करावं. रस्त्यात तुमची पाठ धरली तर ट्रेलर घरी कोण आणणार?

साखळ्या नाकाखाली एकमेकींवरून फुली मारून लावा, म्हणजे हिच निसटलाच तर नाक त्या झोळीत पडतं. ब्रेकअवेची, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी, तार त्या साखळीला अडकवू नका, ट्रकला स्वतंत्र जोडा.

रटोन पास ७,८३४ फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, तेव्हा चढावर ट्रक कण्हला तर कण्हू द्या, उजव्या लेनमध्ये राहा. खरी परीक्षा पलीकडे ट्रिनिडाडकडे उतरताना असते. टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग, लावून, उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यायचा; उतारावर वेग पकडल्यावर घ्यायचा नाही. ब्रेक एकदा ठामपणे दाबून वेग खाली आणायचा आणि सोडायचा, सतत पाय ठेवून ते तापवायचे नाहीत.

सायकली? ट्रकच्या बेडमध्ये. झाकण गुंडाळावं लागेल.

रिव्हर्स घेण्याचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण त्यावरून घरोघरी जी भांडणं होतात त्यांचा सल्ला या सदरात मावणार नाही. स्टीअरिंगच्या तळाशी एक हात ठेवा. हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलरचं शेपूट जाईल. मागे उभं राहून "डावीकडे, नाही, माझ्या डावीकडे!" असं ओरडण्यापेक्षा "झाडाकडे", "खांबाकडे" म्हणायचं ठरवून टाका.

राहिले ते हजार डॉलर. पावती वाचा, परत मिळण्यासारखे असतील तर मागा. त्याच डीलरकडे लहान ट्रेलर असेल तर तिकडे वळवून द्यायला ते सहसा तयार होतात. अगदी बुडले तरी एप्रिलमधल्या त्या सहा सेकंदांच्या मानाने स्वस्तच.

काट्याची पावती मिळाली की फोटो पाठवा, आपण मिळून गणित करू. ट्रेलर घरी आल्यावर आणखी तीनदा काट्यावर जायचंय: बार ताणून, बार सैल सोडून, आणि नुसता ट्रक. शेवटच्या दोन पावत्यांमधल्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे तुमच्या नाकावरचा खरा भार, तिथे माझे १३ टक्केही नकोत. आणि जूनमध्ये मिनीव्हॅनचाही पेलोड बघून घ्या, तिच्या दारावरही असंच स्टिकर आहे. त्यासाठी आईंना वजन विचारायचं काम मात्र तुमचं, मी त्यात पडणार नाही.